वजन जास्त असलेल्या ६७ वर्षांच्या वडिलांना रोज संत्र्याचा रस दिला तर रक्तवाहिन्या मोकळ्या होतात का?

आमची जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग आहे. फळाला मी नावं ठेवणार नाही, पण रसाबद्दल बोलणारच.

आमचे मामा, म्हणजे सासरे, ६९ वर्षांचे. वजन ९४ किलो, बीपीची गोळी चालू. आंबिया बहाराची तोडणी चालू असताना नणंदबाई माहेरी आल्या आणि कुठंतरी ऐकलेलं सांगून गेल्या, "अण्णांना रोज दोन ग्लास रस द्या, नसा साफ होतात." मग रोज सकाळी सात-आठ मोसंब्या पिळायच्या आणि गाळायच्या, कारण मामांना चोथा चालत नाही. तीन महिने हे केलं. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ वरून ६.९ टक्क्यांवर गेलेली, वजन तीन किलोंनी वाढलेलं. मी म्हटलं, रस बंद, आता फोडी खायच्या. ताईंनी पंगतीत सगळ्यांसमोर ऐकवलं, "सुनेला रस काढायचा कंटाळा आलाय."

ताई अगदीच खोटं बोलत नव्हत्या. फ्रान्समध्ये ५० ते ६५ वयाच्या, वजन जास्त पण एरवी निरोगी अशा २४ पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला होता. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचं बीपी थोडं उतरलं, बारीक रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं. पण रसाऐवजी साध्या पेयातून नुसतं हेस्परिडिन, म्हणजे संत्र्या-मोसंबीतलं एक द्रव्य, दिलं तेव्हाही खालचं बीपी उतरलं. हे हेस्परिडिन सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडीच्या पापुद्र्यात जास्त असतं. म्हणजे आपण गाळून त्यातलं बरंचसं टाकतो आणि साखर तेवढी पेल्यात ठेवतो. २५० मिली रसात साधारण वीस ग्रॅम, चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच धरते, अख्ख्या फळातली धरत नाही.

आणि 'साफ होतात' हा शब्दच चुकीचा आहे. फायदा झाला तर तो वाहिनीच्या आतल्या अस्तराला होतो. साचलेला थर रसाने विरघळत नाही.

वडिलांना एक संत्रं सोलून द्या, पापुद्र्यासकट. घरातलं कुणी 'आजारी माणसाला रसच लागतो' म्हणालं तर साखरेचा रिपोर्ट पुढे ठेवा, गप्प बसू नका. मी तीन महिने गप्प बसले.

एक राहिलंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर या फळांतल्या पोटॅशियमचं डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूट तर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर चालतच नाही. आणि साखर एकदम उतरली तर तेव्हा रसच द्यायचा, फोडी नाही.

मामा आता रोज एक मोसंबी स्वतः सोलून खातात. रस काढायचा मला कंटाळा कधीच नव्हता.