पाचटाचा धूर, गच्चीवरची धूळ आणि हवेवरचं संशोधन : वाचकांचे प्रश्न

(हवेतलं रसायनशास्त्र आणि प्रदूषण यावर काम करणाऱ्या, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या एका शास्त्रज्ञ ताईंकडे या महिन्यात आलेले प्रश्न पाठवले होते. त्यांची उत्तरं जशीच्या तशी देतोय.)

प्रश्न : ताई, मी परभणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. मला हवेच्या प्रदूषणावर रिसर्च करायचाय. सगळे म्हणतात एन्व्हायर्नमेंटल सायन्समधेच एम.एस्सी. पाहिजे, आणि पप्पा म्हणतात त्यात नोकऱ्या नाहीत, गुमान बी.एड. कर. काय करू?

उत्तर : केमिस्ट्री अजिबात सोडू नको. या विषयात लोक कुठून कुठून आलेत बघ. लॉस एंजेलिसच्या धुरकट धुक्यावर (स्मॉग) १९५० च्या सुमारास काम करणारे हागेन-स्मिट आधी अननसाचा वास कशामुळं येतो ते शोधत होते, आणि त्यांनीच दाखवलं की गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून ओझोन तयार होतो, जो जमिनीलगत असला की घातक ठरतो. पॉल क्रुट्झेन तर सिव्हिल इंजिनिअर, पुलांच्या ऑफिसात नोकरीला होते, मग स्टॉकहोमला हवामान विभागात कॉम्प्युटर प्रोग्रामर म्हणून लागले आणि १९९५ ला मोलिना आणि रोलँड यांच्यासोबत ओझोनच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. म्हणून डिग्रीच्या नावात अडकू नको, केमिस्ट्री, गणित आणि थोडं कोडिंग, पायथन किंवा आर काहीही, एवढं पक्कं कर.

पुढं एम.एस्सी. करताना सीएसआयआर-नेट किंवा गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षांची तयारी ठेव, गेटला २०२१ पासून पर्यावरणाचा वेगळा पेपरही आहे. पुण्यात आयआयटीएम, नागपूरला नीरी, अहमदाबादला पीआरएल, या सगळ्या सरकारी संशोधन संस्थांत हवेवर काम चालतं. जेआरएफ, म्हणजे संशोधन करताना मिळणारी फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, हे पप्पांना आधी सांग, मग बाकीचं बोल. नोकरीचं खरं सांगायचं तर पर्मनंट जागा कमी आहेत आणि पीएच.डी.नंतरही काही वर्षं प्रोजेक्टवर काढावी लागतात. ते मी लपवणार नाही. पण प्रदूषण नियंत्रण मंडळं, महापालिका, कन्सल्टन्सी, मशिनी बनवणाऱ्या कंपन्या यांना हवा नीट मोजता येणारी माणसं लागतात.

आणि काम कसं असतं तेही ऐक, नाहीतर ॲडमिशन घेऊन नाराज होशील. आमचा बराच वेळ फिल्टर वजन करण्यात जातो. टेफ्लॉनचा पांढरा गोल फिल्टर, ४७ मिलिमीटरचा, ठरावीक तापमान आणि दमटपणा असलेल्या खोलीत दिवसभर ठेवायचा, चिमट्यानं उचलायचा, त्यावरची स्टॅटिक वीज काढायची, वजन घ्यायचं, मग सॅम्पलर नावाच्या हवा ओढणाऱ्या मशिनीत लावायचा. तो मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो म्हणजे दिवसाला साधारण २४ घनमीटर. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), यांची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे हवा मर्यादेला टेकलेली असली तरी अख्ख्या दिवसाचा माल जेमतेम दीड मिलिग्रॅम भरतो. बोट लागलं की गेलं सगळं. त्यात आपल्याकडं लाइट गेली की पंप बंद, किती वेळ बंद होता ते वहीत लिहिलं नसेल तर तो फिल्टर फुकट. हिवाळ्यातला फिल्टर काळपट निघतो, एप्रिल-मे मधला मातकट, आणि ते दोन शेजारी ठेवून बघताना मला आजही तेवढंच कुतूहल वाटतं. हे वाचून तुला कंटाळा आला नसेल तर ये खुशाल.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडं औसा भागात ऊस तुटून गेला की पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पेटवून देतात, तुराट्या-पऱ्हाट्याही जाळतात. मोकळ्या रानात धूर टिकतो तरी किती वेळ? प्रदूषण दिल्ली-पुण्याचं, नाव मात्र शेतकऱ्याचं.

उत्तर : काका, तुमचा राग मला कळतो. पाचट एकरी ३-४ टन निघतं, मजूर मिळत नाही, खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, माणूस काडी लावणारच. पण धूर टिकत नाही म्हणता ते हिवाळ्यात खरं नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवस मावळला की जमीन भराभर थंड होते, खालची हवा गार आणि वरची तिच्यापेक्षा उबदार, त्यामुळं धुराला वर जाता येत नाही. संध्याकाळी गावाच्या छपरांवर निळसर पट्टा आडवा पसरलेला तुम्ही कितीदा पाहिला असेल, तो हाच. त्याच पट्ट्यात चुलीचा धूर, कचऱ्याचा धूर, तुमचं पाचट सगळं असतं, आणि म्हातारी माणसं, लेकरं रात्रभर तेच ओढतात.

यात पाचट-लाकडाचा धूर किती आणि गाड्यांचा किती हे आम्हाला फिल्टरवरून बऱ्यापैकी सांगता येतं. लाकूड, पाचट, काड्या जळाल्या की सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाचं एक रसायन तयार होतं, ते डिझेलच्या धुरात नसतं. म्हणजे उगाच शेतकऱ्याच्या नावावर बिल फाडायचं नसेल तरी मोजणीच उपयोगी पडते.

आता पिकाचं बघा. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि इतर वायू यांच्यावर ऊन पडलं की ओझोन बनतो. शहरात गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्यातला बराच ओझोन खाऊन टाकतो, पण वाऱ्यासोबत बाहेर रानात आलेला ओझोन तसाच राहतो, त्यामुळं कितीतरी वेळा शहरापेक्षा शेतात ओझोन जास्त भरतो. तो पानाच्या छिद्रांतून आत जाऊन पान लवकर म्हातारं करतो. सोयाबीन आणि गहू दोन्ही त्याला नाजूक. सोयाबीनच्या वेळी ढग-पाऊस असतो म्हणून आपल्याकडं त्याचं बरंचसं निभावतं, पण गहू निरभ्र उन्हात वाढतो.

पाचटाची कुट्टी करून सरीत पसरा, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर टाका. ओल टिकते, तण कमी येतं. कुट्टीचं मशीन एकट्याला परवडत नाही हे मान्य, गटानं भाड्यानं घ्या. कारखान्यानं यात खर्च उचलला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, ऊस त्यांनाच जातो.

प्रश्न : मुलीला हवेच्या संशोधनात पीएच.डी. करायचीय, गच्च्यांवर आणि रानोमाळ मशिनी बसवत फिरावं लागतं म्हणे. पाठवावं का? (एक आई, हिंगोली)

उत्तर : पाठवा. फिरणं असतं पण टीम असते, आणि आता या लॅबमधे मुली भरपूर आहेत. फक्त गाइड ठरवण्याआधी तिनं तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावं, पीएच.डी. किती वर्षांत होते, फेलोशिप वेळेवर येते का, फील्डला गेल्यावर राहायची सोय काय, हे सरळ विचारावं.

प्रश्न : मी जालन्यातला निवृत्त शिक्षक. मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’ दिसते आणि गच्चीवर सकाळी हात फिरवला तर बोटं काळी. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : गुरुजी, कुणीच नाही, दोघं वेगवेगळं मोजतायत. मोबाइलवर दिसतो तो एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडा. त्यात पीएम १० आणि पीएम २.५ धरतात, म्हणजे १० मायक्रॉनच्या आतले कण. गच्चीवर येऊन बसते ती राख-धूळ बहुतेक त्याहून जाड, जड म्हणून खाली पडते, ती त्या आकड्यात येतच नाही. शिवाय आकडा २४ तासांच्या सरासरीवर असतो, पहाटे दोन तास हवा खराब झाली तरी सरासरीत ती झाकली जाते. आणि बऱ्याच ॲपमधे जवळ स्टेशन नसेल तर लांबच्या स्टेशनवरून किंवा मॉडेलवरून अंदाज दाखवतात. मराठवाड्यात मोठी शहरं सोडली तर मोजणारी स्टेशनं फारच थोडी, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला, त्यात आपल्याकडचे संभाजीनगर, जालना, लातूर आहेत, पण बाकीच्या तालुक्यांत कोण काय श्वासात घेतंय याचा हिशोबच नाही.

तुम्ही एक करा. गच्चीवर एक स्वच्छ स्टीलचं ताट ठेवा, रोज एकाच वेळी फोटो काढा, तारीख, वारा कुठून होता, वास कसला होता, पाऊस पडला का, एवढं वहीत लिहा. काजळ असेल तर बोटाला चिकटून पसरते, राख करकरीत लागते, तेही नोंदवा. लोखंडाच्या भट्टीच्या परिसरात असाल तर धूळ चुंबकाला चिकटते का ते बघा. महिनाभराच्या नोंदी जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंदींची एक प्रत विद्यापीठाच्या पर्यावरण विभागातही द्या, एखाद्या एम.एस्सी.च्या पोराला प्रोजेक्टसाठी जागा हवीच असते, त्याला तुमची गच्ची वापरू द्या, आणि सॅम्पलरसाठी एक प्लग पॉइंट.