ते दान मागितलंसच कशाला?

अगं,

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तुझ्या खेळात बंद दार उघडायला चौघांनी फासे टाकले, चौघांचेही हुकले, आणि त्या दारामागे तू आठवडाभर खपून रचलेली अख्खी गुहा होती. मग "पुन्हा टाका" म्हणालीस, ८ पडला, आणि "बरं, उघडलं" म्हणून मोकळी झालीस. खेळ पुढे गेला, पण तुला फसवल्यासारखं वाटतंय. गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पडद्यामागे फासा वाकवावा, पडलेला आकडा बदलून सांगावा की नाही, असं विचारतेस.

ते पुढचं झालं. मुळात ते दान मागितलंसच कशाला?

दार उघडायलाच हवं होतं ना? मग उघडायचं. जे अपयश तुला चालणार नाही, त्यासाठी दान मागायचं नाही. पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात डीसी १५ ला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर निदान १५ लागण्याला, मध्यम म्हटलंय. बोनस नसेल तर ते दान २० पैकी १४ वेळा हुकतं, म्हणजे ७० टक्के. चौघांनी टाकूनही चौघांचं हुकण्याची शक्यता २४ टक्के उरते. तुझ्या खेळाडूंचं नशीब फुटकं नव्हतं. असं होणार हे पुस्तकातच लिहिलेलं होतं, आणि अख्खी संध्याकाळ तू त्याच्यावर टांगलीस.

रॉबिन लॉज यांच्या गमशू या रहस्यशोधाच्या खेळपद्धतीत तपासाचा मुख्य दुवा फाशावर ठेवतच नाहीत. योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी शोधतंय? दुवा मिळाला. त्या दुव्याचं काय करायचं, खरा खेळ तिथून सुरू होतो. तू दुसरी कुठलीही पद्धत चालवत असलीस तरी एवढं उचल.

आणि दान मागायचंच असेल, तर हुकल्यावर काय होणार ते आधी ठरव. "नाही उघडलं" हे उत्तरच नव्हे. कुलूप उघडतं, पण कुलूप उघडायच्या तारेचं टोक आत तुटतं, खट्ट आवाज होतो आणि खालच्या जिन्यावर कुणीतरी बोलता बोलता थांबतं. आता टेबलावर चौघे एकमेकांकडे बघतायत, कुणी मशाल विझवतंय, कुणी दाराला पाठ लावून उभं आहे. दान हुकलंच, पण खेळ पुढे सरकला. हे तुला जमतं. गेल्या वेळचा तो पूल कोसळलेला प्रसंग तू किती सुरेख चालवलास! मग दारापाशी काय झालं? बोलायला सुचेना म्हणून फासा मागितलास. बहुतेक गेम मास्टर तेच करतात, आणि मला त्याचा राग येतो.

लढाईत दान टाळता येत नाही, हे मान्य. तिथे मी पडदा ठेवत नाही. सगळ्यांसमोर टाकतो, पडलं ते पडलं. या हट्टापायी एक फार चांगला खेळाडू माझ्या टेबलावरून उठून गेला. दीर्घ कॅम्पेनमधलं, म्हणजे सेशनमागून सेशन चाललेल्या एकाच गोष्टीतलं, त्याचं पात्र शत्रूसाठी मी उघड टाकलेल्या एका विसावर गेलं आणि तो पुन्हा आला नाही. त्याची उणीव मला आजही भासते. पण तो वीस मी बारा म्हणून सांगितला असता, तर त्याआधीच्या त्याच्या सगळ्या सुटकांना काय अर्थ उरला असता? त्याच टेबलावरच्या बाकीच्यांना मी पुढे कुठल्या तोंडाने "जपून" म्हणालो असतो? लोक मला कठोर म्हणतात. म्हणू देत. पात्र मरू शकतं की नाही हे मी पहिलं पात्र बनण्याआधी, सेशन झिरोलाच, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीतच, विचारून घेतो, आणि जिथे टेबल नको म्हणतं तिथे हरण्याची किंमत वेगळी ठेवतो: कैद, कर्ज, हातातून गेलेली तलवार. म्हणजे पुन्हा तेच. अपयश आधी ठरव, मग फासा मागव.

बाकी तू विचारलेल्या गोष्टी साध्या आहेत. पाळीचा क्रम सगळ्यांना दिसेल असा ठेव, आणि एकाची पाळी चालू असतानाच पुढच्याला सावध कर. नियम आठवत नसेल तर तिथल्या तिथे निर्णय दे, पुस्तक सेशननंतर उघड. एक्स-कार्ड, म्हणजे नकोसा प्रसंग थांबवायला हात लावायचं कार्ड, टेबलावर असू दे. कुणी त्याला हात लावला तर कारण विचारायचं नाही, प्रसंग बदलायचा. गप्प बसणाऱ्या मुलाला "काही करायचंय का?" विचारू नकोस. त्याच्या पात्राच्या समोर काहीतरी आण आणि मग विचार, "तू काय करतोस?"

आता काम. पुढच्या सेशनची वही काढ. जिथे जिथे "फासा" लिहिलंयस, तिथे शेजारी "हुकलं तर" लिहून पुढचं वाक्य पूर्ण कर. जिथे "काही होत नाही" याखेरीज सुचत नाही, ती ओळ खोडून टाक आणि ती गोष्ट खेळाडूंना सरळ देऊन टाक. खोडाखोड झालेली पानं मला पाठव. उरलेल्या दानांचे डीसी आपण मिळून बघू.