समिती म्हणते बहिष्कार घाला, मग हरकत टाकू की नको?

सोलापूरच्या एका काकांचा प्रश्न आलाय. तीस वर्षं भाड्याने चालवलेलं टॉवेल-चादरीचं दुकान, नॅशनल हायवेच्या प्रस्तावित उड्डाणपुलात पुढचा भाग जातोय, पेपरात थ्री ए ची (जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी) नोटीस येऊन नऊ दिवस झाले. कृती समितीने ठरवलंय की कुणीही हरकत द्यायची नाही, कारण हरकत दिली म्हणजे भूसंपादन मान्य केल्यासारखं होतं. वर रास्ता रोकोच्या आधी पोलिसांनी काकांच्या हातात नोटीस दिली. आणि शेवटी विचारलंय, पुलाऐवजी बोगदा करा असं कोर्टाकडून सांगवता येईल का?

काका, आधी ते हरकतीचं बघू, बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालतंय.

हरकत दिली की संमती झाली, हे कुणी डोक्यात घातलं माहीत नाही पण हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं आणि साफ चुकीचं आहे. हरकत म्हणजे विरोधच, फक्त कागदावरचा. नॅशनल हायवेज ॲक्ट १९५६ च्या थ्री सी खाली हरकतीला २१ दिवस मिळतात, आणि कायद्यात हे दिवस मोजलेत गॅझेटमध्ये नोटिफिकेशन छापलं त्या तारखेपासून. पेपरात जाहिरात बऱ्याचदा नंतर येते, त्यामुळे तुम्ही म्हणताय नऊ झाले पण खरे पंधरासुद्धा झाले असतील, आजच गॅझेटची तारीख काढा. मुदतीत कुणाचीच हरकत आली नाही तर सक्षम प्राधिकारी (भूसंपादनाचा अधिकारी) तसा रिपोर्ट वर पाठवतो, मग थ्री डी (संपादनाची घोषणा) निघतं, आणि थ्री डी निघालं की जमीन केंद्र सरकारची, सगळ्या बोजांतून मोकळी. म्हणजे तुमच्या बहिष्काराने त्यांचंच काम सोपं झालं की हो.

हरकत दिली तर सुनावणी द्यावीच लागते, तुम्ही स्वतः जा नाहीतर वकील पाठवा. लगेच प्रोजेक्ट थांबेल असं मी म्हणत नाही, बहुतेक हरकती फेटाळल्या जातात हे खरंय. पण उद्या हायकोर्टात रिट (सरकारी निर्णयाविरुद्धचा अर्ज) करायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येणार की तुम्ही हरकत घेतली होती का, आणि सुनावणी नीट न घेता, कारणं न देता फेटाळली असेल तर तोच तुमचा मुद्दा होतो.

आता लिहायचं काय. "आम्हाला पूल नको" एवढ्या एका ओळीवर कुणी थांबत नाही. सिटी सर्व्हे नंबर चुकलाय का, क्षेत्र जास्त धरलंय का, समोरच्या बाजूला सरकारी मोकळी जागा असताना आमचीच बाजू का घेतली, नोटिशीत भाडेकरूचा उल्लेखच नाही, असं मुद्देसूद लिहा. आरटीआय टाकून अलाइनमेंटचा (रस्ता नेमका कुठून जाणार त्याचा) नकाशा आणि डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) जरूर मागा, फी १० रुपये, पण उत्तराला ३० दिवस लागतात म्हणून त्याची वाट बघत बसू नका, "कागद मिळाल्यावर पुढचे मुद्दे मांडण्याचा हक्क राखून" अशी ओळ टाका आणि हरकत देऊन मोकळे व्हा. आवकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही.

भाडेकरू म्हणून आपला काय हक्क, असं तुम्ही विचारलंय. हरकत घ्यायला मालकच लागतो असं नाही, जमिनीत हितसंबंध असलेला कुणीही घेऊ शकतो. मोबदल्यातही हिस्सा मागता येतो, आणि मालकाशी वाटपावरून वाजलं तर थ्री एच खाली ते प्रकरण जिल्हा कोर्टात जातं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम हायवेलाही लागू झालेत, म्हणजे बाजारभावाइतकंच आणखी सोलेशियम (सक्तीने जागा घेतल्याबद्दलची जादा भरपाई). हरकत घेतली म्हणून यातला एक रुपया कमी होत नाही. रक्कम कमी वाटली तर लवाद मागता येतो.

पोलिसांची नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची आहे, म्हणजे जुनी सीआरपीसीची १४९. ही एफआयआर नाही, अटकही नाही, आधीच दिलेली ताकीद आहे. शांत धरणं, परवानगी घेऊन मोर्चा, हा तुमचा हक्क, आणि सोलापूरने १९३० साली मार्शल लॉ झेललाय, एका कागदाने घाबरायचं काही कारण नाही. पण शाहीन बाग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येत नाही. आणि एक कळकळीने सांगतो, मोजणीवाले आले तर त्यांना धक्काबुक्की करू नका, टेप ओढू नका. थ्री बी खाली त्यांना आत येऊन मोजायचा अधिकार आहे आणि सरकारी नोकरावर हात उचलला तर न्याय संहितेचं १३२ लागतं, ते नॉनबेलेबल आहे. तरुण पोरांना आधी हे समजवा.

बोगद्याचं बोलायचं तर मला कल्पना आवडली, मुंबईत ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह तसं काम चाललंयच. पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांना रॅम्प लागतात, तिथंही कुणाचं ना कुणाचं दुकान जाणारच. आणि पूल बांधायचा की बोगदा खोदायचा हे कोर्ट ठरवत नाही, कुशला शेट्टी प्रकरणात २०११ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अलाइनमेंट ठरवणं तज्ज्ञांचं काम, कायदा मोडला किंवा दुष्ट हेतू दिसला तरच आम्ही हात घालू. म्हणून बोगदा हरकतीत पर्याय म्हणून लिहा, खासदार-आमदारांना निवेदन द्या, पण कोर्टात त्यावर सगळा डाव लावू नका. सिव्हिल कोर्टात स्टे मागायच्या नादालाही लागू नका, स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर रस्ते-पुलांच्या कामाला मनाई मिळणं जवळपास बंद झालंय. रिटच करावी लागली तर आता मुंबईला पळायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये सोलापूर जिल्हा येतो.

आज रात्री कपाट उघडा. सगळ्यात जुनी भाडेपावती, शॉप ॲक्टचं लायसन, लाईटबिलं, दुकानाचे फोटो, एकेक झेरॉक्स काढून ठेवा. पावत्या मालकाच्या सहीच्या आहेत का तेवढं बघून मला कळवा, नसतील तर लाईटबिल कुणाच्या नावावर आहे तेही. आणि समितीच्या मीटिंगला जा बिनधास्त, फक्त हरकतीची पोच खिशात आल्यावर.