स्मशान बंद ठेवून काम करता येत नाही

प्रश्न : स्मशानशेडचा ओटा तीन वर्षांत दुसऱ्यांदा फुटला. ठेकेदार म्हणतो, सिमेंट वाढवून पुन्हा करून देतो. हो म्हणावं का? (एक सरपंच, सातारा जिल्हा)

उत्तर : नका म्हणू. सिमेंट कमी पडलेलं नाही, आगीपुढे काँक्रीटच टिकत नाही. आतल्या ओलाव्याची वाफ होते, ढलप्या उडतात आणि ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकदही उतरत जाते. ओट्यावर थेट सरण रचू नका. बिडाचा पिंजरा फूटभर उचलून बसवा, म्हणजे खालून हवा खेळते. ओट्याचा वरचा थर अग्निरोधक विटांचा घ्या. जनसुविधेचा निधी (ग्रामपंचायतींना स्मशानभूमीसारख्या कामांसाठी मिळणारा) असेल तर हे तांत्रिक मान्यतेआधीच, म्हणजे अभियंत्याची मंजुरी मिळण्याआधीच अंदाजपत्रकात घाला. नंतर वाढीव काम मागत फिरावं लागतं.

आणि मेअखेर काम संपवा, तोवर बाजूला तात्पुरता कट्टा ठेवा. माझ्या नोकरीत एका गावात ऐन जुलैत शेडचे पत्रे काढून ठेवलेले होते. चार जणांनी सरणावर एक पत्रा धरला. हात भाजायचे, म्हणून दर पाच मिनिटांनी माणसं बदलत होती. कार्यारंभ आदेश माझ्याच सहीचा होता.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयाच्या शवविच्छेदनगृहाची दुरुस्ती निघाली आहे, चार शवांची शीतपेटीही मंजूर आहे. सुरुवात कुठून करावी? (वैद्यकीय अधिकारी)

उत्तर : दारापासून. हसू नका. एका तालुक्याला शीतपेटी आली आणि दार निघालं तीन फुटांचं. नुकती टाइल लावलेली भिंत फोडावी लागली. पेटीची मापं आधी मागवा, दार चार फुटांहून कमी नको आणि बाहेरच्या बोळात भरलेली ट्रॉली वळते का, ते प्रत्यक्ष वळवून बघा. पेटीमागे हवा फिरायला जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसतो आणि आतलं तापमान २ ते ४ अंशांवर राहत नाही. जनित्राची जोडणी याच कामात घ्या.

दुसरं, सांडपाणी. फरशी उखडण्याआधी मोरीत रंगीत पाणी ओता आणि ते कुठे निघतं ते पाहा. कित्येकदा ते थेट उघड्या गटारात दिसतं! जुनी पाइप फोडणाऱ्या प्लंबरला हातमोजे द्या, त्याला हिपॅटायटिस बीची लस आधीच टोचा आणि पाइपमध्ये हायपोक्लोराइट (जंतुनाशक द्रावण) सोडल्याशिवाय हात घालू देऊ नका. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

काम चालू असताना शव कुठे न्यायचं, हे पोलीस ठाण्याला आणि शेजारच्या रुग्णालयाला लेखी कळवा. नातेवाईक आले की ड्रिल बंद, ही अट निविदेतच लिहा. तोंडी सांगितलेलं कोणी पाळत नाही.

प्रश्न : दिवे वाढवले की रात्रीही शवविच्छेदन करता येईल ना? (तेच अधिकारी)

उत्तर : नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोयी असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं शव, घातपाताचा संशय ही प्रकरणं कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर वगळलेली आहेत. चित्रीकरणही करावं लागतं. दिवे नुसते प्रखर असून भागत नाही, रंग खरे दिसले पाहिजेत. पिवळट उजेडात जखमेभोवतीचा काळानिळा रंग फसवतो. आणि दिव्यांइतकाच पैसा हवा बाहेर खेचणाऱ्या पंख्यांवर घाला. तासाला किमान १२ वेळा खोलीतली हवा बदलावी आणि ती बाहेर सोडावी, वॉर्डाच्या खिडकीकडे नव्हे.

प्रश्न : शवदाहिनीचं आतलं अस्तर नवं केलं. ठेकेदार म्हणतो, आणखी काही दिवस नुसती हळूहळू तापवायची. वेळकाढूपणा तर नाही? (नगरसेवक)

उत्तर : या वेळी ठेकेदार बरोबर आहे. अस्तरात पाणी मुरलेलं असतं, ते घाईने तापवलं तर पहिल्याच आठवड्यात तडे जातात. पुरवठादाराचा तापवण्याचा तक्ता घ्या, दर तासाचं तापमान वहीत लिहायला लावा आणि ती वही पाहिल्यावरच अंतिम बिलावर सही करा.