आईला झोप येत नाही, अश्वगंधा-ब्राह्मी घातलेलं सीबीडी तेल देऊ का?

तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांना रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी सुरू आहे. मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही देऊ नका, ही कळकळीची विनंती. वॉरफरिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीराबाहेर पडतं, त्यांचंच काम सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातला एक घटक, मंदावतं. गोळी तीच राहते, पण रक्तातलं तिचं प्रमाण वाढतं आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. डॉक्टरांनी हो म्हटलं तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) लवकर तपासून घ्यावा लागेल.

अश्वगंधाही 'वनस्पतीच तर आहे' म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सीबीडीने नशा होत नाही, ती भांगेतल्याच टीएचसी या दुसऱ्या घटकामुळे होते. पण अमेरिकेत २०१८ साली सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली ती लहान मुलांमधल्या गंभीर फिट्ससाठी, झोपेसाठी नव्हे. झोपेबाबतचा पुरावा अजून तोकडाच आहे. आपल्याकडे भांगेच्या पानांपासून केलेली 'विजया' औषधं वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. आणि बाटलीवर नुसतं 'हेम्प सीड ऑइल' असेल तर ते भांगेच्या बियांचं तेल. त्यात सीबीडी जवळपास नसतंच.

आधी झोप का मोडते ते बघा. रात्री लघवीला उठतात का? घोरतात का? दुपारी दोन तास झोपतात का? संध्याकाळी चहा होतो का? माझा भर तिथेच राहील.