सिम्युलेटरमधील आयएलएस अप्रोचमध्ये ऑटोपायलट विमान धावपट्टीच्या कडेला का नेतो?

आपण विचारले आहे की, सेस्ना १७२ हे छोटे विमान घेऊन मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर आयएलएस अप्रोच करताना, म्हणजे जमिनीवरील रेडिओ यंत्रणेच्या मार्गदर्शनाने उतरण्यासाठी येताना, ऑटोपायलट शेवटच्या दोन मैलांत डावी-उजवीकडे डुलू लागतो आणि कधी कधी विमान धावपट्टीच्या कडेलाच नेऊन सोडतो. तर त्याच्यावर किती भरवसा ठेवावा? मी बरीच वर्षे घरच्या संगणकावर हेच अप्रोच करत आलो आहे. माझे मत असे की, ऑटोपायलटला अचूक किंवा चुकार ठरवण्याआधी एकच गोष्ट पाहावी: विमान बाजूला सरकलेले दिसते त्या क्षणी लोकलायझरची, म्हणजे धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या आयएलएसच्या भागाची, सुई कुठे आहे? सुई मधोमध असूनही धावपट्टी बाजूला दिसत असेल, तर ऑटोपायलटने आपले काम चोख केले आहे आणि चूक सिम्युलेटरच्या माहितीसाठ्यात आहे. सुईच बाजूला असेल, तर दोष ऑटोपायलटच्या जुळणीत किंवा आपण विमान ज्या अवस्थेत त्याच्या हाती सोपवले त्या अवस्थेत शोधावा लागतो.

ऑटोपायलटला धावपट्टी दिसत नाही, हे येथे नीट ध्यानात घ्यायला हवे. प्रत्यक्षात लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे असतो आणि तो ९० व १५० हर्ट्झचे दोन स्वर प्रक्षेपित करतो. दोन्ही सारख्या प्रमाणात मिळाले की विमान मध्यरेषेवर आहे, असे समजायचे. सिम्युलेटरमध्ये सहसा रेडिओलहरींचे गणित नसते. नोंदवलेले अँटेनाचे स्थान आणि दिशा यांवरून विमान किती अंश सरकले आहे, एवढेच काढले जाते. मुंबईची ही धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे. तेव्हा नोंदीतील दिशा केवळ अर्ध्या अंशाने चुकली, तरी थ्रेशोल्डवर, म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीला, विमान सुमारे ३० मीटर बाजूला पोहोचेल, आणि सुई मात्र शेवटपर्यंत मधोमध राहील. वेगळे बसवलेले सीनरी पॅकेज (विमानतळाचे दृश्य बदलणारी जोड) धावपट्टी किंचित हलवते आणि आयएलएसची नोंद जुनीच राहते, तेव्हाही नेमके हेच घडते. हाँगकाँगच्या कायताक विमानतळावर १३ क्रमांकाच्या धावपट्टीसाठीची यंत्रणा तर मुळातच धावपट्टीकडे नव्हे, टेकडीकडे रोखलेली होती, आणि वैमानिकाला शेवटी हाताने सुमारे ४७ अंश उजवीकडे वळावे लागे. जुलै १९९८ मध्ये बंद झालेला हा विमानतळ सिम्युलेटरमध्ये उघडून पाहावा. ऑटोपायलट निर्दोषपणे टेकडीच्या दिशेने जातो.

आता डुलण्याविषयी. सुईचे विचलन कोनात मोजले जाते, मीटरमध्ये नाही. लोकलायझरची पूर्ण रुंदी, म्हणजे सुईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, थ्रेशोल्डपाशी साधारण ७०० फूट ठेवतात. त्यामुळे सुई अर्धी सरकली असेल, तर एवढ्या लांब धावपट्टीच्या १० मैल अलीकडे तो फरक ३०० मीटरहून थोडा अधिक असतो, आणि थ्रेशोल्डवर केवळ ५० मीटरच्या आसपास. ग्लाइडस्लोपचा, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणाऱ्या आयएलएसच्या दुसऱ्या भागाचा, फास तर याहूनही घट्ट आवळत जातो. मोठ्या विमानांचे ऑटोपायलट रेडिओ अल्टिमीटरवरील (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणावरील) उंची पाहून आपला प्रतिसाद सौम्य करत नेतात. सिम्युलेटरमधील साध्या विमानांत मात्र तो अनेकदा सगळीकडे एकसारखाच असतो. १० मैलांवर जो प्रतिसाद सुस्त वाटतो, तोच १ मैलावर अति तीव्र ठरतो आणि विमान मध्यरेषा ओलांडत राहते. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये हा प्रतिसाद ठरवणारे आकडे विमानाच्या एअरक्राफ्ट डॉट सीएफजी या फाइलमधील ऑटोपायलट विभागात उघड लिहिलेले असतात. त्यांतील प्रोपोर्शनल आकडा (विचलनाच्या प्रमाणात प्रतिसाद किती तीव्र असावा हे ठरवणारा) थोडा कमी केला की डुलणे कमी होते. इंटिग्रेटर हा दुसरा आकडा मात्र शून्य करू नये, कारण आडव्या वाऱ्यात रेषेपासून ठरावीक अंतरावर अडकून राहिलेले विमान परत रेषेवर आणण्याचे काम तोच करतो. फाइलची प्रत आधी जपून ठेवावी. सिम्युलेटरमधील वेळेचा वेग चौपट करून अप्रोच करू नये, हेही सांगतो. गणिताच्या दोन पायऱ्यांमध्ये विमान खूप पुढे निघून जाते आणि उत्तम जुळणीसुद्धा बिघडते.

पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष या आकड्यांत नसतो. मी स्वतः कितीतरी संध्याकाळी फाइलमधले आकडे बदलत बसलो होतो, आणि खरे कारण हे होते की मी ग्लाइडस्लोप पकडल्यानंतर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) उघडत होतो. फ्लॅप उघडताच नाक वर उचलले जाते, ऑटोपायलट ट्रिमने (नाकाचा कल सांभाळणाऱ्या जुळणीने) ते सावकाश खाली आणतो, तोवर सुई सरकलेली असते, आणि पुढचे दोन मैल ती चूक निस्तरण्यात जातात. या सेस्नात ऑटोथ्रॉटल (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, म्हणून वेग सांभाळणे सर्वस्वी आपल्याकडे असते. १० अंश फ्लॅप आणि ९० नॉट वेग ग्लाइडस्लोपच्या आधीच स्थिर करावा. मग ३ अंशांच्या उतारावर मिनिटाला सुमारे ४७५ फूट उतरणे पुरते. सुईचा स्रोत जीपीएसवरून नॅव्हवर, म्हणजे आयएलएस ऐकणाऱ्या रेडिओवर, आणला आहे का, हेही तपासावे, कारण ते विसरल्यास ऑटोपायलट आयएलएसऐवजी जीपीएसच्या रेषेचा माग काढत राहतो.

खात्री करायची असेल तर वारा पूर्ण बंद करून, धावपट्टीपासून १० मैलांवर थोडे दक्षिणेला, २,५०० फुटांवर, ३०० अंशांच्या दिशेने विमान ठेवून ती स्थिती सेव्ह करावी. म्हणजे लोकलायझर ३० अंशांच्या कोनात मिळेल आणि ग्लाइडस्लोप सुमारे ८ मैलांवर खालून पकडला जाईल. तीच स्थिती चार-पाच वेळा उडवावी आणि प्रत्येक वेळी ५०० फुटांवर सुई व धावपट्टी दोन्ही पाहून लिहून ठेवावे. वारा नसतानाही सुई डुलत असेल तरच फाइलला हात लावावा. आणि २०० फुटांखाली ऑटोपायलटची परीक्षा घेऊ नये. अशा अनेक विमानांत प्रत्यक्षात बसवलेला केएपी १४० ऑटोपायलटही अप्रोचमध्ये त्या उंचीच्या आत बंद करणे बंधनकारक आहे, आणि तिथून पुढे विमान आपल्याच हाती असायला हवे.