नवी ऑपरेटिंग सिस्टीम लवकर द्यावी, पण मागेल त्यालाच

तुम्ही विचारलंय की ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती अर्धीकच्ची बाजारात आणून नंतर महिनोन्‌महिने ठिगळं लावत बसण्यापेक्षा कंपन्या आणखी वर्षभर थांबून ती पक्की करून का देत नाहीत.

मी पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातल्या डीटीपीवाल्यांचे, छोट्या छापखान्यांचे आणि काही सीए ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. अपडेटमुळे काम अडलं की फोन मलाच येतो. तरीही मी लवकर देण्याच्या बाजूचा आहे. अट एवढीच की जो मागेल त्याला द्यावी आणि जुन्यावर परत जायची सोय नीट ठेवावी.

थांबल्यानं सिस्टीम पक्की होते, हे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टाच्या वेळी खोटं ठरलं. तिच्या आधीची विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली. पुढच्या आवृत्तीचं बरंचसं काम मायक्रोसॉफ्टनं २००४ मध्ये बाजूला ठेवलं, नव्यानं मांडणी केली आणि व्हिस्टा घरोघरच्या ग्राहकांना मिळाली ३० जानेवारी २००७ ला. पाच वर्षांहून जास्त वाट पाहून हातात आली ती अशी, की प्रिंटर चालेना, स्कॅनर सापडेना. मायक्रोसॉफ्टवरच्या एका खटल्यात नंतर जी कागदपत्रं उघड झाली, त्यांत २००७ मधल्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, नावावर होते. ड्रायव्हर दुसऱ्या कंपन्या लिहितात, आणि सिस्टीम खरोखर विकली जायला लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच जणी ते काम मनावर घेत नाहीत. दार लावून आणखी वर्षभर बसलं असतं, तरी हा भाग सुधारला नसता. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेली विंडोज ७ सगळ्यांना आवडली, त्यात व्हिस्टाचा मोठा हात आहे. ड्रायव्हरची रचना दोन्हींत तीच होती आणि मधल्या काळात ड्रायव्हर लिहून, वापरून, दुरुस्त होऊन तयार झाले होते.

आता घाईचं उदाहरण. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ ला सोडली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं, म्हणजे आमच्याकडे दिवाळी अंकांची पानं लावायची ऐन धांदल. ही आवृत्ती टाकल्यावर काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली गायब झाल्या. डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेलं असेल आणि जुन्या जागी काही फाइली राहिल्या असतील, तर अपग्रेडनं जुनं फोल्डर आतल्या फाइलींसकट उडवलं. आपल्याकडे ‘सी कधीही फॉरमॅट करावा लागेल, काम डीवर ठेव’ ही शिकवण घराघरांत आहे, त्यामुळे ही चूक वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टनं वितरण थांबवलं आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आणली.

यावरून घाई वाईट, असं मी म्हणत नाही. ही तक्रार आधीपासून चाचणी करणाऱ्यांनी नोंदवलेली होती, ती ढिगाऱ्यात दबली. आणखी सहा महिने थांबून ढीग वाढला असता, इतकंच. पुढे मायक्रोसॉफ्टनं तक्रार नोंदवताना ती किती गंभीर आहे हे सांगायची सोय केली. हा खरा उपाय, आणि तो आधीच असायला हवा होता. दुसरं म्हणजे सुरुवातीला ही आवृत्ती फक्त स्वतः ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबणाऱ्यांनाच मिळत होती. म्हणून नुकसान थोडक्यांपुरतं राहिलं; फाइली गेल्याच्या तक्रारी, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, दहा हजारांत एक एवढ्याच होत्या. तीच चूक एका रात्रीत सगळ्यांच्या मशीनवर उतरली असती तर?

माझा राग आहे तो परतीच्या मुदतीवर. विंडोजमध्ये नव्यावरून जुन्या आवृत्तीवर जायला साधारण १० दिवस मिळतात. घरच्या वापराला ठीक असेल, धंद्याला अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत दिसतं, टायपिंग होतं, मेल येते. मग पंधरवड्यानं कोणी प्रकाशक जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला येतो, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल उघडावी तर फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक (परवाना तपासायला लावायचा छोटा तुकडा) नव्या सिस्टीमला ओळखता येत नाही. लॉक नाही म्हणजे फॉन्ट नाही, आणि युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षर-पद्धत रुळायच्या आधीचा तो फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी पानभर रोमन अक्षरं, कंस आणि चित्रविचित्र चिन्हं. मजकूर फाइलमध्ये शाबूत असतो, पण एक ओळ वाचता येत नाही. सीए ऑफिसात हेच २० तारखेच्या आसपास कळतं, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायला डिजिटल सहीचं टोकन लावल्यावर. तोवर १० दिवस उलटून गेलेले असतात.

ॲपलनं २००१ मध्ये हे बरं सांभाळलं होतं. मॅक ओएस एक्सची पहिली आवृत्ती मार्चमध्ये आली तेव्हा ती मंद होती, डीव्हीडीसुद्धा चालत नव्हती. सप्टेंबरमध्ये सुधारलेली १०.१ फुकट दिली, आणि नवे मॅक सुरू होताना आपोआप एक्स उघडायला लागले ते २००२ च्या जानेवारीपासून. तोवर जुनी मॅक ओएस ९ जागेवर होती. उबंटू या फुकट मिळणाऱ्या लिनक्स सिस्टीमची रीत मला त्याहून पटते. तिची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, हवी त्यानं तेव्हाच घ्यावी. पण आधीच्या २२.०४ वर काम करणाऱ्याला ‘अपग्रेड करता का’ असं सिस्टीम विचारते ती २४.०४.१ ही तिची पहिली दुरुस्त आवृत्ती निघाल्यानंतर, आणि ती निघाली ऑगस्टच्या अखेरीस.

तुमचं पोट ज्या मशीनवर आहे त्यावर मात्र पहिल्या लाटेत अपग्रेड करू नका. विंडोज होमवरही आता अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं, प्रोवर त्याहून बरंच जास्त. करायचंच ठरलं तर आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. अपग्रेड झाल्या दिवशीच सगळ्यात जुनी फाइल उघडा, ती छापून बघा, लॉक आणि सहीचं टोकन लावून बघा. परतीची मुदत विंडोजमधल्या डिसम (DISM) कमांडनं ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मूळचे १० दिवस संपायच्या आत.